जिंकेल त्यानं पांढऱ्या घ्यायच्या

मी तापट माणूस आहे. मारुंजीत कुणालाही विचारा, सांगतील, आणि वर माझे चार किस्सेही ऐकवतील. तेव्हा जानेवारीत ज्योतीरामनं मला सलग नऊ दिवस बुद्धिबळात हरवलं त्या काळात मी घरात काय काय बोललो असेन, ते इथं न सांगितलेलंच बरं. दहाव्या दिवशी तर मी पंधराव्या चालीलाच गार झालो. ज्योतीरामनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "सोपाना, तुझ्याशी खेळण्यात आता राम राहिला न्हाई बघ. त्यापरीस फोन बरा." आणि उठून घरी निघून गेला.

हे एवढं का झोंबलं ते सांगतो. ज्योतीराम आणि मी एका आळीतले. नोकरीलाही बरोबरच लागलो, चिंचवडला एका गाड्यांच्या कंपनीत, तो पेंट शॉपला आणि मी प्रेस शॉपला. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर पट ठेवून खेळायला सुरुवात केली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. फक्त जागा बदलली. शेत गेलं, त्या जागी माझी चार मजली बिल्डिंग उभी राहिली, आणि तिच्या पार्किंगमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही रोज पाच ते सात खेळायचो. माझा मुलगा बंगलोरला. भाडेकरू पोरं दिवसभर हिंजवडीत आणि संध्याकाळी लॅपटॉपात. गोजाबाईला, म्हणजे आमच्या मालकिणीला, तिचं भजनी मंडळ आहे. मला ज्योत्या आहे. सकाळचा चहा झाल्यापासून मी पाच वाजायची वाट बघत असतो. तोच जर फोनशी खेळायला लागला, तर मी संध्याकाळी करायचं काय?

आमचा मूळ खेळ गावठी. माझ्या चुलत्यानं शिकवलेला. त्यात प्यादं एका वेळी एकच घर पुढं जाणार. राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी. आणि सुरुवातीला दोघांनीही आपापल्या अर्ध्या पटात चार-चार चाली एकदम मांडून घ्यायच्या, मग खेळ सुरू. म्हणजे घर नीट लावून झाल्याशिवाय भांडण नाही. जिंकेल त्यानं दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सोंगट्या घ्यायच्या आणि पहिली चाल करायची, हरेल त्यानं काळ्या. हा नियम आम्ही कधी मोडला नाही.

दिवाळीनंतर ज्योत्यानं नवं खूळ काढलं. त्याच्या मुलानं, जयदीपनं, त्याला मोठा फोन घेऊन दिला होता, आणि त्यात बुद्धिबळ होतं. तेव्हापासून म्हणायला लागला, की आपला खेळ जगात कुठंच कुणी खेळत नाही, आपण खऱ्या नियमांनी खेळू. मी म्हटलं, हे काय खोटे नियम आहेत का? महिनाभर मी अडून बसलो. शेवटी तो खुर्चीत बसेना, तेव्हा झक मारत कबूल झालो. प्याद्यानं पहिल्यांदा दोन घरं जायचं, राजानं हत्तीच्या आड जाऊन लपायचं, आणि चार चालींची मांडणी बंद.

आणि हरायला लागलो. हरलो म्हणून काळ्या, काळ्या म्हणून पुन्हा तोच मार. राजापुढचं प्यादं तो दोन घरं सारायचा, मीही सारायचो. त्याचा घोडा बाहेर, माझा घोडा बाहेर. मग त्याचा उंट तिरका येऊन माझ्या राजाशेजारच्या एका प्याद्यावर डोळा ठेवून बसायचा. मी दुसरा घोडा काढला, की त्याचा घोडा उडी मारून त्याच प्याद्याच्या मागं लागायचा. मी वजिरापुढचं प्यादं सारून उंटाची वाट अडवायचो. तो ते खायचा, मी त्याचं घोड्यानं खायचो. आणि मग तो आपला घोडा सरळ माझ्या राजाच्या तोंडी द्यायचा. मला पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारा चुकला. राजानं घोडा मारला, आणि तिथून पुढं त्याचा वजीर आणि उंट माझ्या राजाला भर पटावर असे हिंडवायचे, की बघवत नव्हतं.

याला ओपनिंग म्हणतात, असं त्यानं मला सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा केला, की जणू त्याच्याच बापानं शोधून काढलंय. पहिल्या पाच-सहा चाली तर तो पटाकडं न बघता खेळायचा. मी एकेका चालीला दहा दहा मिनिटं डोकं धरून बसायचो आणि हा आपला रस्त्यावरची डंपरं मोजायचा.

तर त्या दहाव्या दिवशी तो गेला आणि मी एकटाच पटावर तो डाव पुन्हा लावून बघत बसलो होतो. दुसऱ्या मजल्यावरची ऋचा स्कूटर लावायला आली. ही सांगलीकडची पोर, वडील बँकेत, स्वतः हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत. भाडं वेळेवर, आवाज नाही, यापलीकडं मला तिची काही माहिती नव्हती. हेल्मेट काढता काढता तिनं पटाकडं बघितलं आणि म्हणाली, काका, यात काळा हरतो. मी म्हटलं, मला माहितेय, काळा मीच आहे. ती हसली. ती कॉलेजच्या टीममधून खेळलेली निघाली. मी लगेच म्हटलं, मग मला याच्यावर उतारा सांग, उद्याच्या उद्या त्याची खोड मोडतो.

तिनं सांगितला नाही. म्हणाली, एक चाल सांगून काही होणार नाही काका, परवा ते दुसरं काहीतरी पाठ करून येतील. मला राग आला, पण गरज माझी होती. ज्योत्याला मी निरोप धाडला, की पंधरा दिवस मला वेळ नाही. एरवी त्यानं शंभर टोमणे मारले असते. यावेळी नुसतं 'बरं' एवढंच उत्तर आलं, आणि त्याचंही मला वाईट वाटलं.

ऋचा ऑफिसातून आली की अर्धा तास बसायची. पहिले दोन दिवस आम्ही पहिल्या चालीच्या पुढं गेलोच नाही. तिनं विचारलं, त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं का सारलं? मी म्हटलं, फोननं सांगितलं म्हणून. मग फोननं का सांगितलं? मी म्हटलं, पोरी, तू डोकं खातेस. पण हे 'का, का' मला नवं नव्हतं. कंपनीत एखादा पीस रिजेक्ट झाला, की क्वालिटीवाला येऊन पाच वेळा 'का' विचारायचा. पत्रा का फाटला? डाय, म्हणजे साचा, घासली गेली म्हणून. डाय का घासली गेली? तेल पोचलं नाही म्हणून. तेल का पोचलं नाही? पाचव्या 'का'पर्यंत माणूस रडकुंडीला यायचा, पण बिघाड तिथंच सापडायचा. एकतीस वर्षं मी ते पत्र्याला विचारलं, सोंगटीला कधी विचारलं नव्हतं.

तिनं मला घोडा पटाच्या मधोमध ठेवायला लावला आणि म्हणाली, मोजा, कुठं कुठं जाऊ शकतो. आठ घरं. मग कडेला ठेवायला लावला. चार. कोपऱ्यात दोनच. घोडा तोच. मी तिच्याकडं बघतच राहिलो. पन्नास वर्षं खेळतोय आणि हे मोजावं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मधली घरं ज्याच्या ताब्यात, त्याच्या सगळ्या सोंगट्यांना हातपाय पसरायला जागा, म्हणून ते पहिलं प्यादं. मग माझ्या राजाशेजारच्या त्या प्याद्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, याला राखायला कोण आहे? मी बघितलं. वजीर नाही, हत्ती नाही, घोडा नाही. एकटा राजा. म्हणून सगळे त्याच्यावर टपून.

आणि एक गोष्ट मला माझी मीच कळली. आमच्या गावठी खेळात घर लावायला चार चाली मिळायच्या, तेवढ्यात कुणी दारात यायचं नाही. इथं घर लावता लावताच भांडायचं असतं. एक चाल वाया गेली, की समोरच्याला ती फुकट मिळते. हे मी गोजाबाईला समजावून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, संसार असाच करतात, तुम्हाला आज कळलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी ऋचानं नेमका तो डाव लावला. ज्योत्यानं माझं मधलं प्यादं खाल्लंय, आता चाल माझी. तिनं विचारलं, इथं तुम्ही घोड्यानं खाता. का? मी म्हटलं, त्यानं मारलं म्हणून मी मारलं. ती म्हणाली, बरं, पण यात जोर कुणाचा आहे?

मी बघत बसलो. नाचतोय तो घोडा, पण त्याच्या मागं लांब तो उंट बसलाय. बांधावरच्या भांडणात पोरगं पुढं येऊन शिव्या देतं, पण त्याचा सगळा जोर मागं उभ्या असलेल्या बापाचा असतो, तसलं प्रकरण. बापाला हलवलं की पोरगं गप. पण उंटाला हलवणार कोण? माझ्या एकाच सोंगटीला ते जमत होतं, वजिराकडच्या घोड्याला, आणि त्यासाठी त्याला पार पटाच्या कडेला जावं लागत होतं. मी ऋचाला म्हटलं, कडेला तर चारच घरं, तूच मोजायला लावलीस. गोजाबाईनं आणलेला चहा निवून गेला. वीसेक मिनिटांनी मी म्हटलं, चार तर चार, पण उंटाला उठावं लागतं, आणि घोडा कडेला नेऊन ठेवला.

ऋचानं टाळीच वाजवली. म्हणाली, काका, मोठमोठे खेळाडू शेकडो वर्षं इथं हीच चाल खेळत आलेत. तुमचं एक प्यादं जाईल, पण आता पळापळ त्यांची. मला इतका आनंद झाला, की मी उठून पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या. पाठ केलेलं नव्हतं ते, माझं मला सुचलं होतं.

सोमवारी ज्योत्याला बोलावलं. ठरल्याप्रमाणे पांढऱ्या त्याच्या. पहिल्या चार-पाच चाली तो नेहमीसारखा भराभर खेळला. मी घोडा कडेला ठेवला, आणि त्याचा हात सोंगटीवरच थांबला. पुढं त्याचं पाठांतर नव्हतं. त्यानं चष्मा वर केला, खाली केला, माझ्याकडं बघितलं. उंटानं शह दिला, मी प्यादं आडवं घातलं. प्याद्याला प्यादं गेलं आणि उंटाला मागं पळावं लागलं. मग कडेच्या प्याद्यानं घोडा हुसकला, तो मागं गेला, तर राजापुढचं प्यादं सारून तिथूनही उठवला. अर्ध्या तासात त्याची मंडळी घरी परत चाललेली आणि माझी सगळी अंगणात. साडेसहाला त्यानं आपला राजा आडवा केला.

मला वाटलं, आता चडफडेल. पण तो हसत होता. असा हसत होता, की जिंकलाय तोच. खिशातून फोन काढून म्हणाला, तुझ्या फोनात पण हे बुद्धिबळ घालून घे, ऋचा घालून देईल. मी म्हटलं, कशाला? आपण इथं बसतोय की.

तो पटाकडं बघत बोलला. पुढच्या सोमवारी ते तळेगावला राहायला चालले होते. कायमचे. जयदीपची कंपनी तिकडं, सून साधना तिकडंच शाळेत शिकवायला, बंगला बांधून तयार. इकडचं घर विकलं. दोन बस बदलून रोज यायचं, तर त्याच्या गुडघ्यात ते बळ नाही, माझ्यात तर त्याहून नाही. आपला गावठी खेळ फोनात नाही, म्हणून त्यानं हा खेळ धरला होता.

"तुला सरळ शीक म्हणलं असतं, तर शिकला असतास?" त्यानं विचारलं. "तू रागानंच शिकतोस. म्हणून डिवचलं."

आता इथं शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं ते मला कळतं. मी पट उडवून दिला. सोंगट्या स्कूटरींच्या खाली गेल्या. म्हटलं, जा, कुठं जायचं तिथं जा, दिवाळीपासून माहीत होतं आणि मला आज सांगतोस? त्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि एकेका स्कूटरीखालून सोंगट्या गोळा करायला लागला. मी उभा राहून बघत होतो. मदत केली नाही. याची मला आजही लाज वाटते.

वर गेलो तर गोजाबाईला ठाऊक होतं. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हाला सांगायचं कुणी, असं ती म्हणाली, आणि पोळ्या लाटत राहिली.

आठवडाभर मी खाली उतरलो नाही. सोमवारी त्यांचा टेंपो भरला, तो मी गच्चीवरून बघितला. ज्योत्या पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. त्यानं वर बघितलं असेल किंवा नसेलही, मी आत सरकलो होतो.

त्याच दिवशी ऋचानं माझ्या फोनात बुद्धिबळ घालून दिलं. मी सांगितलं नव्हतं, ज्योत्यानं तिला जाता जाता सांगितलं होतं. डाव मांडून त्यानं धाडलाही होता. पांढऱ्या मला. शेवटचा डाव मी जिंकलो होतो ना. ऋचानं समजावलं, की एका चालीला तीन दिवस मिळतात. पहिली चाल तीन दिवसांत केली नाही, तर डाव आपोआप रद्द होतो. मी म्हटलं, होऊ दे रद्द.

मंगळवार गेला. बुधवारी दुपारी साधना आली, घराची किल्ली नव्या मालकाला द्यायला आली होती, म्हणून गोजाबाईला भेटायला वर चढली. मी पेपर तोंडापुढं धरला. ती गोजाबाईशीच बोलत होती, पण मला ऐकू जावं एवढ्या आवाजात. म्हणाली, मामांनी त्या चालींची अख्खी वही भरली होती. दिवाळीपासून रोज पहाटे उठून भिंगातून बघत, बोट ठेवून पाठ करायचे. विसरलं की पहिल्यापासून. जयदीप म्हणायचा, दहावीला एवढा अभ्यास केला असता तर साहेब झाला असता. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, ते स्वतःच सांगायचे. म्हणायचे, मला समजत न्हाई म्हणून मी पाठ करतो, सोपानाला एकदा सुरुवात करून दिली की तो समजून घेईल, मग मला फोनवरून तोच शिकवील.

मी पेपर तोंडावरून काढला नाही. काढण्यासारखा चेहरा राहिला नव्हता.

गुरुवारी पाच वाजता मी खाली उतरलो. एक खुर्ची ओढली आणि फोन गुडघ्यावर ठेवला. माझा अंगठा जाड, आधी भलतंच प्यादं धरलं गेलं, ते सोडलं. मग राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. का सारलं, हे मला आता माहीत होतं. फोन खिशात ठेवायला उचलला, तोवर तिकडून चाल आली. मोजून दोन सेकंद झाले नसतील. तीन दिवस तो फोन हातात धरूनच बसला होता.

मी सरळ त्याला फोन लावला. त्यानं उचलला. मीच बोललो.

"ज्योत्या, मला करमत न्हाई रे."

सत्तर वर्षांत असलं मी कुणाला म्हटलेलं नाही, गोजाबाईलासुद्धा नाही. मग त्यानं घसा खाकरला.

"चाल तुझी हाय," तो म्हणाला.